बारावी जागा

१

अकोल्याच्या मुख्य रस्त्यावर चिंतामणकाकांची एक जागा होती. रस्त्याला लागून पत्र्याची सहा दुकानं, मागे पडकी गोदामं, आणि दुकानांसमोर, नदीकडचा रस्ता फुटतो त्या कोपऱ्यापर्यंत, बारा भाजीवाल्या बायकांची रांग. १९५९च्या फेब्रुवारीत मी इंग्लंडहून नगररचना शिकून परत आलो तेव्हा रोज सकाळी सात वाजता वही घेऊन त्या रांगेसमोरच्या हॉटेलात बसत असे. चहा घ्यायचा, आणि कोण कुठून येतं, कुठं थांबतं, उन्हाला कसं टाळतं ते टिपायचं. पाच वर्षं मला हेच शिकवलं होतं. आधी बघा, मग रेघ ओढा.

मला तिथं चार मजली इमारत उभी करायची होती. खाली दुकानं, वरच्या तीन मजल्यांवर चोवीस बिऱ्हाडं, शिक्षक आणि कारकुनांना परवडतील अशी. आणि रस्त्याच्या कडेनं बारा दगडी ओटे, वर सावली, मधे पाण्याचा नळ. जे लोक त्या रस्त्यावर आधीच जगत होते त्यांना हुसकून न लावता त्यांच्यासाठीच बांधायचं, एवढंच माझं म्हणणं होतं. मी ते भेटेल त्याला ऐकवत असे. वडिलांच्या माघारी काकांनीच मला वाढवलं, इंग्लंडला पाठवलं. ते नामांकित वकील. जागा त्यांची, खर्च त्यांचा, नकाशा माझा.

त्या बायकांची एक रीत मी पहिल्याच आठवड्यात टिपली होती. प्रत्येकीचा आपला एक दगड असे. जागेवरून उठायचं झालं की बाई आपल्या ओल्या पोत्यावर तो दगड ठेवून जाई. मग ती चहाला गेलेली असो की आठ दिवस परगावी, जागा भरलेली. तिथं कोणी टोपली टेकवत नसे, कोणी ती ओलांडत नसे. गिऱ्हाईक आलं तर शेजारीण दगडाकडे बघून विचारी, "सांबार कसा देऊ वं?" आणि जरा थांबून, उत्तर ऐकल्यासारखं करून, कोथिंबिरीची जुडी उचलून देई. कोणी हसत नसे. मलाही ती रीत आवडली. वहीत मी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

२

बारावी जागा, अगदी कोपऱ्यावरची, पार्बताबाईची. साठीची बाई, अंगानं किरकोळ, आवाज मात्र रस्त्यापलीकडे पोचणारा. तिच्या सासूची सासू त्या जागेवर बसलेली होती. अकराव्या जागेवर तिची जाऊ माणिकबाई.

"बिलायतले जाऊन पाच वर्सात भाजीवाल्या मोजाले शिकला का बापू?" तिनं मला पहिल्यांदा हटकलं ते असं. मग रोज काहीतरी टोमणा असे. माझ्या टोपीवर, माझ्या चष्म्यावर, मी भेंडी निवडताना ती वास घेऊन बघतो यावर. मी एकदा तिच्यासमोर उकिडवा बसून धुळीत काडीनं सगळा नकाशा काढला. जिना, दुकानं, ओटे. ती बराच वेळ बघत राहिली.

"अन् मी कुठी हाओ याच्यात?"

मी कोपऱ्यावर काडी टेकवली. इथंच. जिथं आज आहात तिथंच.

"जबान देतो?"

"दिली."

तिनं त्यावर मला दोन लिंबं दिली आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत.

एप्रिलच्या मध्यात तिच्या लेकीचं बाळंतपण निघालं, अकोटला. जायच्या सकाळी तिनं पोतं भिजवलं, पिळलं, जागेवर अंथरलं आणि त्यावर आपला दगड ठेवला. वरवंट्याहून जाड, काळा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. मग रस्ता ओलांडून हॉटेलात माझ्यापाशी आली. ती तिथं कधी येत नसे.

"महिनाभर तिकडे राहीन. दगड ठेवून जातो मी. कोणी इचारलं तर सांगजो, पार्बता बसून हाये."

"सांगतो," मी म्हणालो.

३

बावीस एप्रिलला पंचनामा झाला. नगरपालिकेची अट अशी की त्या दिवशी जागेवर जो बसलेला आढळेल त्याचं नाव यादीत, आणि यादीत असेल त्याला नव्या इमारतीत ओटा. अट मीच भांडून घालून घेतली होती. माझं अक्षर बरं म्हणून कारकुनानं यादी मलाच लिहायला दिली.

अकरा नावं झाली. बाराव्या जागेशी आम्ही थांबलो. माणिकबाई दगडाकडे हात करून म्हणाली, "हे बसून हाये नं." कारकून हसला आणि माझ्याकडे बघू लागला.

काकांनी मला दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं. ते चिडलेले नव्हते. कोपऱ्यावर त्यांना आपली कचेरी हवी होती, दोन्ही रस्त्यांना दार असलेली. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. अकरा ओटे तुझे, ते म्हणाले, मी एकालाही बोट लावणार नाही. बारावा धरून बसलास तर मी उद्या ही जागा सरकीवाल्याला गोदामासाठी देतो, मग एकही ओटा नको आणि एकही बिऱ्हाड नको.

"आणि तुला खोटं लिहायला कोण सांगतंय? डोळ्यांनी बघ आणि दिसतं ते लिही. दगड म्हणजे माणूस नव्हे, रवी. कायद्यात त्याला जागा नाही."

मी बघितलं. एक पोतं, त्यावर एक दगड. मी चोवीस बिऱ्हाडांचा विचार केला, अकरा ओट्यांचा विचार केला. मग लिहिलं. बारा, रिकामी.

दोन दिवसांनी खोदाई सुरू झाली. कोपऱ्याचा खांब बरोबर त्या जागेवर येत होता. मुकादम नत्थुजी गवंडी, चाळीस वर्षं विटा रचलेला माणूस, तिथं येऊन थांबला आणि फावडं टेकवून उभा राहिला. मी म्हणालो, नत्थुजी, दगड आहे तो.

"हाव नं साहेब. मी कुठी नाई म्हणतो. तुमी उचला."

सगळे मजूर बघत होते. माझ्यातल्या शिकलेल्या माणसाला ते सहन झालं नाही. मी स्वतः वाकलो आणि दगड उचलला. दिसत होता त्याहून तो पुष्कळ जड होता. खालचं पोतं ओलं होतं. एप्रिलचं ऊन, आजूबाजूची जमीन भेगाळलेली, आणि बाईला जाऊन नऊ दिवस झालेले. माणिकबाई पाणी मारत असेल, असं मी मनाशी म्हटलं. तिला विचारलं मात्र नाही.

लोकांना दिसावं म्हणून मी तो दगड माझ्या हातानं खांबाच्या खड्ड्यात टाकला. खड्डा सात फूट होता. पडल्याचा आवाज झाला नाही. खाली मुरूम मऊ असणार.

४

ती मेच्या शेवटच्या आठवड्यात परत आली. एस.टी.तून उतरून थेट, हातात नातवाच्या बारशाची मिठाई. पत्र्याचं कुंपण बघून तिनं आरडाओरडा केला नाही. कुंपणाच्या फटीतून मला हाक मारली.

मी पुष्कळ बोललो. यादी, अट, नगरपालिका, मागच्या अंगाला तुमच्यासाठी मी काही तरी काढतो. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तुले कोणी इचारलं होतं का?"

"हो."

"मंग तू काय सांगतलं?"

तिनं मिठाईचा पुडा फटीतून आत सरकवला, आणि कुंपणाबाहेर, कोपऱ्याला पाठ लावून, रस्त्यावर बसली. टोपली रिकामी होती. पोतं नव्हतं, सावली नव्हती. नवतपा लागला होता. त्या नऊ दिवसांत वऱ्हाडात दुपारी कुत्रीसुद्धा रस्त्यावर येत नाहीत. माणिकबाई तिला पाणी पाजी, उठवायला बघे. दुसऱ्या दिवशी काका टांग्यातून उतरले आणि तिला समजावून सांगू लागले की ती महिनाभर जागेवर नव्हती, जागा सोडून उठून गेली, तेव्हा हक्क उरत नाही.

"मी उठलीच नाई, वकीलसाहेब," ती म्हणाली. "मी तिथंच बसून हाओ. तुमी माह्या अंगावर घर बांधून राहिले."

हे ती शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही कोपऱ्याच्या खांबात काँक्रीट ओतलं. बारा वाजता सुरू केलं, चार वाजता संपलं. संपल्यावर नत्थुजी कुंपणाबाहेर तंबाखू खायला गेला आणि तसाच परत आला. डॉक्टर म्हणाले, तिचा जीव जाऊन तीन तास तरी झाले असतील. इतक्या लोकांना कळलं कसं नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ती बसलेली होती. बसलेल्या बाईकडे कोण बघतं?

५

मी काम सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं आज लिहिणं सोपं आहे. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की अकरा ओटे अजून व्हायचे आहेत, आणि मी गेलो तर तेही होणार नाहीत. सिमेंटच्या परमिटसाठी खेटे घातले, सळ्या मोजून घेतल्या, खोटं बोलणाऱ्या ठेकेदारांशी भांडलो. १९६०च्या उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला. रस्त्यावरून जाणारे लोक मान वर करून बघत.

त्या मे महिन्यात तळमजल्यावर शहाबादी फरशी बसवली. सकाळची माझी फेरी ठरलेली असे. हातात ओळंबा, पट्टी आणि वही. कोपऱ्यातल्या कचेरीत, खांबाच्या पायथ्याशी, एक फरशी वर आलेली दिसली. अर्धा इंच. नत्थुजीनं ती काढली, खालचा भराव ठोकला, परत बसवली. आठ दिवसांनी पुन्हा अर्धा इंच. भराव खचतो, फरशी खाली जाते. वर येत नाही. नत्थुजीनं तिसऱ्यांदा फरशी काढली तेव्हा त्यानं मला बोलावलं.

भरावाखालचं, खांबाच्या पायाचं सिमेंट ओलं होतं, आणि त्यावर पोत्याची वीण उमटली होती. आडवे उभे धागे, एका जागी ठिगळ, ठिगळाचे टाके. सिमेंट वर्षाचं जुनं, दगडासारखं घट्ट. मी नखानं खरवडून बघितलं.

"तुम्ही ओतताना पोतं झाकलं असेल, पाणी मारायला," मी म्हणालो. काँक्रीट ओलं ठेवायला पोती टाकतातच.

"टाकतो नं साहेब. वरून टाकतो." तो उठून उभा राहिला. "हे खालून हाये."

मी त्याला फरशी बसवायला सांगितलं आणि वहीत लिहिलं, ओल, केशाकर्षण. त्या कोपऱ्यात नळ नव्हता, मोरी नव्हती. बाहेर सेहेचाळीस अंश होते. खोलीत ओल्या पोत्याचा आणि कोथिंबिरीचा वास येत होता.

पहिल्या मजल्यावर, कचेरीच्या बरोबर वर, काकांच्या बिऱ्हाडाचं स्वयंपाकघर. पावसाळा संपल्यावर अनसूयाकाकूंनी तिथं संसार मांडला; मीही त्यांच्याकडेच राहत असे. खांबापाशी फरशीवर एक ओलं कडं होतं, वीतभर रुंदीचं. काकूंनी त्यावर पाण्याची घागर ठेवली, कारण घागर तिथं नेमकी बसे, जराही कलंडत नसे.

"मधूनच डुलते मात्र," त्या मला वाढता वाढता म्हणाल्या. "डोक्यावर घेऊन कोणी मान वळवावी तशी."

जेवण झाल्यावर मी पट्टी घेऊन मोजलं. दोन्ही भिंतींपासून चार फूट दोन इंच. मग खाली जाऊन वर आलेली फरशी मोजली. चार फूट दोन इंच. घागरीखालचं कडं म्हणजे चुंबळीचं माप होतं. डोक्यावर टोपली घेणाऱ्या बायका कापडाची जी गुंडाळी खाली ठेवतात, तेवढं. मी जिन्यात उभा राहिलो आणि दोन मजल्यांमधली उंची आठवली. अकरा फूट. मग मी तो विचार तिथंच सोडला.

६

दसऱ्याला कचेरी उघडली. काका कोसा रेशमाचं उपरणं घालून खांबाला पाठ करून खुर्चीवर बसले, दोन्ही दारं उघडी. बाहेर अकरा ओट्यांवर अकरा टोपल्या. नळ वाहत होता. वर एका बिऱ्हाडातून मूल पाढे म्हणत होतं. मला जे हवं होतं ते सगळं तिथं होतं. माणिकबाईनं आपली टोपली ओट्याच्या डाव्या कडेला ओढून घेतली होती, उजवीकडे हातभर मोकळं सोडून. कचेरीच्या बाजूला.

आठवड्याभरात अकोटचे रामराव आले. काकांचे वीस वर्षांचे पक्षकार, जिनिंगचे मालक. मी बाहेर नळ बघत होतो. ते दारापर्यंत गेले, आत बघितलं, मागे फिरले आणि पायरीवर रुमाल अंथरून बसले. तासभर झाला. मी विचारलं, आत जात नाही का?

"आत एक बाई बसून हाये. तिचं झालं का जातो."

मी आत डोकावलो. काका एकटे बसले होते, टेबलावर कागद, घड्याळाकडे बघत. मला म्हणाले, रामराव अजून कसे आले नाहीत?

काका तेव्हा हसले. रामरावांची नजर गेली, असं म्हणाले. पण पुढच्या पंधरा दिवसांत पोस्टमननं तीनदा पत्रं परत नेली. कोर्टाचा बेलीफ दारात उभं राहून विचारून गेला, वकीलसाहेब कुठं गेले. काका त्याच्यासमोर चार हातांवर होते आणि त्याला नावानं हाका मारत होते. तो मान तिरपी करून, कुठून तरी दूरचं ऐकावं तसा, थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. भाजी घ्यायला येणाऱ्या बायका मात्र त्या कोपऱ्यावरून जाताना पदर सावरून, अंतर ठेवून वळत.

कोपऱ्यात गिऱ्हाईक असल्यासारखी माणिकबाई कधी कधी बोलायची. मी एकदा ऐकलं. ती म्हणत होती, "घाई काय हाये वं. बस नं तू."

७

काकांनी तीन खुर्च्या बदलल्या. प्रत्येक खुर्ची मऊ लागते, अशी त्यांची तक्रार. शिसवी लाकडाची खुर्ची. मी स्वतः बसून बघायला निघालो तर त्यांनी माझा हात धरला.

"नको. तू नको बसूस." मग आवाज उतरवून म्हणाले, "मांडीवर बसल्यासारखं वाटतं, रवी. कोणी तरी खाली आहे. श्वास घेतं."

ते उठले तेव्हा धोतर मागून ओलं होतं. पोत्याची वीण होती त्यावर, आणि ते ठिगळ.

माझ्या मनात त्या क्षणी भीती होती की दुसरं काही, ते मी आता नीट सांगू शकतो. मला बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा. मी तरीही जे करायला हवं ते केलं. म्हणालो, काका, कचेरी दुसरीकडे हलवा. हा कोपरा मोकळा करू, बारावा ओटा बांधू, माणिकबाईच्या हातून तिथं एक दगड ठेवू. मी एकटा करतो, माझ्या हातानं. यादीत दुरुस्ती मागतो. मी चुकीचं लिहिलं होतं असं लिहून देतो.

काकांचा चेहरा इतका ओढलेला होता की मला वाटलं, हो म्हणतील. पण ते वकील होते.

"तू रिकामी लिहिलंस ते खरंच होतं. तिथं कोणीही नव्हतं. आज मी उठलो, तर होतं असं कबूल केल्यासारखं होईल." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "मी इथून हलणार नाही. बघतो कोण उठवतं."

आणि ते मग खरंच उठेनासे झाले. सकाळी खाली येत, सांजेपर्यंत बसून राहत. वर येऊन कोणाशी बोलत नसत. जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी मी जेवायला वर गेलो तर काकूंनी दोन पानं मांडली होती, माझं आणि त्यांचं. मी विचारलं, काकांचं? काकू पोळीवर तूप घालता घालता थांबल्या. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. नाव आठवत नसावं तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या, आणि तिसरं पान मांडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन.

घागर तेवढी डुलली.

८

फेब्रुवारीत शिरगणती आली. आमच्या वॉर्डाला नेमलेले खुशालराव मास्तर नगरपालिकेच्या शाळेतले, नांदगाव खंडेश्वरचे, हळू बोलणारे आणि फार काटेकोर. प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, वय, धंदा. इमारतीतली सगळी बिऱ्हाडं मला माहीत म्हणून मी दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरत होतो. चोवीस दारं, एकशे एकोणीस माणसं. मी जिना चढता चढता त्यांना सांगत होतो की हा कंपाउंडर आधी कुठल्या खोपटात राहायचा, या बाईंना पहिल्यांदा स्वतःची मोरी मिळाली. मास्तर मान हलवत होते.

शेवटी काकांचं बिऱ्हाड. दुपारचे तीन वाजले होते. काकू दारात आल्या. घरात कोण कोण, असं मास्तरांनी विचारलं.

"मी आहे," काकू म्हणाल्या, आणि थोडा वेळ विचार करून, "बाकीचं खाली विचारा."

मास्तरांनी अनसूया असं नाव लिहिलं, वय लिहिलं. आम्ही खाली आलो. कचेरीचं दार उघडं होतं. मी दारातच थांबलो, चौकटीला खांदा लावून. मास्तर माझ्यामागे पायरीवर.

काका खुर्चीत बसलेले होते. पाठ खांबाला, दोन्ही हात टेबलावर. माझ्याकडेच बघत होते.

"कोणी आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"या, मास्तर," काका म्हणाले.

मास्तर खोलीभर नजर फिरवत होते. टेबलावरून, काकांवरून, खांबावरून. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात, पेन्सिल कानावर. "ही खोली रिकामीच दिसते. लिहू का तसं?"

"रवी," काका म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता. "सांग त्याला. मी बसलोय म्हणून सांग."

फरशी पुष्कळ वर आली होती. खुर्चीचे पुढचे पाय अधांतरी होते. काकांच्या गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन गुडघे मला दिसले, हिरव्या लुगड्याखाली, मांडी घालून बसलेल्या बाईचे असतात तसे, फक्त फार मोठे. त्यावर पाण्याचे थेंब होते. वर मी बघितलं नाही. वर कुठपर्यंत बघावं लागेल ते मला माहीत होतं.

मला कुंपणाची फट आठवली, आणि मिठाईचा पुडा. तुले कोणी इचारलं होतं का? आता मला पुन्हा विचारलं जात होतं, आणि या वेळी मला उत्तर पाठ होतं. काकांनी मला शिकवलं होतं, पाच वर्षं इंग्लंडला ठेवलं होतं, आणि एका दुपारी दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं होतं. सगळं मी आठवलं. घाईनं काही केलं नाही.

"वकील नाहीत," मी म्हणालो. "त्यांची जागा रिकामी आहे."

काकांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यातून आवाज आला नाही. मग मला तिथं खुर्ची दिसली, तिच्या मागचा खांब दिसला, आणि टेबलाच्या कडेवर चार बोटांचे ओले ठसे.

"पण खोली रिकामी नाही. लिहा," मी मास्तरांकडे वळून म्हणालो. "पार्बताबाई. वय साठ. धंदा भाजी विकणं. राहणार इथंच." दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं ते मी लिहवून घेत होतो.

मास्तरांनी पेन्सिल जिभेला लावली आणि सावकाश, सुंदर अक्षरात सगळं लिहिलं. मग मान वर केली. माझ्या खांद्यावरून, खांबाकडे बघत ते नम्रपणे म्हणाले, "बरं, बाई. आणखी कोणी आहे का?"

मी तोंड उघडलं.

"कोणी नाई," माझ्या मागून, खांबाकडून आवाज आला. रस्त्यापलीकडे पोचणारा.

मास्तरांनी दारावर खडूनं आकडा घातला. त्यासाठी ते चौकटीपाशी आले, मी उभा होतो तिथं, आणि त्यांचा कोपर मला लागायला हवा होता. लागला नाही. मग त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या. या बिऱ्हाडाच्या दोन. अनसूयाबाई आणि पार्बताबाई. त्यांना सुतळी बांधली, पिशवीत ठेवल्या, आणि उन्हात छत्री उघडून ते रस्त्याला लागले.

दोन दिवस आम्ही बरोबर होतो. माझं नाव त्यांनी विचारलं नव्हतं.

ओट्यावर माणिकबाईनं आपली टोपली आणखी थोडी सरकवून घेतली.